वेणीखालचं ग्रीस

केळशी, ता. दापोली, जि. रत्नागिरी
४ ऑक्टोबर २०२४

आदरणीय मनिषाबाई रेवाळे यांना
लवू पावसेचा नमस्कार.

डुग्-डुग्-डुग्-डुग्. एवढा एक आवाज माझ्या कानात अजून स्वच्छ आहे. बाकीचे सगळे चाळीस वर्षं इंजिनांशेजारी बसून पुसले गेले. मी पाचवीत होतो. गुरुजी कविता चालीवर म्हणून घेत होते, आम्ही तीस पोरं माना डोलवत मागून म्हणत होतो, आणि खाडीच्या तोंडातून गावातली पहिली इंजिनाची होडी आत आली. तिचा ठेका आणि कवितेचा ठेका असा जुळला की गुरुजी थांबले नाहीत, उलट छडीने टेबलावर तोच ताल धरला. त्या दिवसापासून कविता आणि इंजिन माझ्या एकाच खिशात पडली. सातवीनंतर शाळा सुटली. कविता काही सुटली नाही.

असं लांबण लावायची मला खोड आहे, ती पोटात घाला. तुमच्याकडे विमानांची दुरुस्ती शिकणारी मनस्वी रूपेश पावसे माझी नात. तुम्ही तिला विजेचं शास्त्र शिकवता असं कळलं, म्हणून हे पत्र तुमच्याच नावे. फोनवर बोललो असतो, पण मला ऐकू येत नाही. सून गुणवंती कानाशी ओरडून सांगते तेवढंच.

परवा माझा मुलगा रूपेश अंगणात येऊन हातवारे करून ओरडत होता. ओठांवरून मला समजलं. "बाबा, तुमच्या ग्रीसने पोरीचं नाव खाल्लंन!" खऱ्या विमानांवर काम शिकायला तुम्ही बारा जणांना पाठवणार, त्या यादीत मनस्वी होती. सरावाच्या विमानावर तिने धातूची एक वेणी बसवताना खाली ग्रीस लावलं आणि तिचं नाव अडलं, असं तो म्हणाला.

बाई, ते ग्रीस माझं आहे. पोर आठ वर्षांची असल्यापासून माझ्या हातात पाने देत होडीच्या इंजिनाशी बसायची. बॅटरीच्या टोकाला आधी ग्रीस, मग आवळणं, हे मी तिला शिकवलं. आमच्या खाऱ्या हवेत उघडं तांबं महिन्याभरात हिरवं पडतं. केळशीपासून हर्णैपर्यंत कुणालाही विचारा, चाळीस वर्षांत माझा एक जोड सुटलेला नाही. मी दयेची याचना करत नाही. फक्त चूक ज्याची, त्याच्या नावावर टाका. तुम्ही पकडलंत तिला. पकडायचा होता मला.

आपला,
लवू पावसे

—

मुंबई
१४ ऑक्टोबर २०२४

आदरणीय लवूआजोबा,

तुम्हाला आजोबा म्हटलेलं चालेल ना? सोळा वर्षं मी मॅडम ऐकते आहे. "बाई" वाचलं आणि देवरूखच्या वरच्या अंगाला असलेली माझी शाळा आठवली, जमीन सारवल्याच्या वासासकट.

तुमच्या पत्रातली एक गोष्ट मात्र चुकली आहे. तुमच्या नातीला कुणीही पकडलेलं नाही.

विमानाच्या हलत्या भागांना मूळ अंगाशी जोडणारी, तारांची विणलेली एक पट्टी असते. तीच तुमची वेणी. तिच्या जोडात विजेला जवळजवळ काहीच अडथळा होता कामा नये. मनस्वीने धातू घासला, वेणी लावली, मोजलं. सगळं बरोबर होतं. मग शेवटचं आवळण्याआधी वेणी पुन्हा सैल केली तेव्हा तिचा हात शेजारच्या डब्यातल्या ग्रीसकडे गेला. ते लावून तिने बोल्ट आवळला, पुन्हा मोजलं नाही आणि कामाच्या कार्डावर सही केली. कार्ड बंद झालं. कुणाच्या लक्षात आलं नाही. माझ्याही नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसातला ती प्रयोगशाळेच्या दाराशी उभी होती. म्हणाली, "मॅडम, काल मी ग्रीस लावलं. माप त्याच्या आधीचं आहे. सही माझी आहे." आम्ही मोजलं. विजेला अडथळा अडीच मिलीओहमच्या आत असायला हवा, तिथे अकरा निघाले.

नाव मीच अडवलं. ते ग्रीस आमच्या पुस्तकात नाही, आणि पुस्तकात नाही ते विमानावर लागत नाही. नंतर खरं बोललं तरी आधीची सही पुसत नाही. हे कठोर वाटेल. पण उद्या याच मुलीच्या सहीवर दीडशे माणसं आकाशात जातील.

तिला एक संधी आहे. १२ डिसेंबरला बाहेरचे परीक्षक येतील. तीन वेण्या बसवायच्या आणि तोंडी परीक्षा द्यायची. पास झाली तर यादीत नाव, नाहीतर एक वर्ष थांबायचं. हाताच्या कामाची मला काळजी नाही. तोंडीची आहे. तिच्या हाताला वीज कळते, शब्दांत आली की ती गांगरते. एकदा भर वर्गात तिने विचारलं, "मॅडम, दुसरी वायर कुठे आहे?" सगळे हसले. तिला काय विचारायचं होतं ते मलाही कळलं नाही. तुम्हाला कळत असेल तर सांगा.

आणि हे सकाळी साडेसातचं तिने तुम्हाला सांगितलं नव्हतं, याचं मला नवल वाटतं.

तुमची,
मनिषा रेवाळे

—

केळशी
२१ ऑक्टोबर २०२४

मनिषाबाई,

तुमचं पत्र घेऊन मी वाळूवर जाऊन बसलो. तिथे दोनदा वाचलं. तिसऱ्यांदा अक्षरं दिसेनात; वारा होता, असं समजा.

नाही हो, सांगितलं नव्हतं. पोरगी स्वतः जाऊन उभी राहिली! रूपेशला पत्र वाचून दाखवलं. त्याला हे आधीच माहीत होतं, आणि त्याच्या रागाचं मूळ तेच. मला म्हणाला, "कुणी बघितलं नव्हतंन, तर तोंड उघडायला कुणी सांगितलंन तिला? हरिश्चंद्राची पोर मोठी!" दसऱ्यापासून तो तिच्याशी बोलत नाही. होडी चालवणारा तांडेल माणूस, वाऱ्याचं सगळं कळतं त्याला, घरातलं कळत नाही. मी एवढंच म्हणालो, "माझी छाती आज दोन बोटं रुंद झाली." तो चपला घालून निघून गेला, तो अजून आमच्या उंबऱ्यात आलेला नाही. त्यांच्या नव्या घरातून गुणवंती तेवढी येते.

तिच्या प्रश्नाचं सांगतो. आमची होडी फायबरची. तिच्या अंगातून वीज जात नाही. म्हणून दिव्याला दोन वायरी लागतात, एक जाणारी आणि एक परत येणारी. काळी वायर तुटली की लाल कितीही शाबूत असो, दिवा लागत नाही. पोर त्यावर वाढली. तुमच्या विमानात तिला एकच वायर दिसली असेल. मग वीज परत येते कुठून? तिने विचारलं त्यात हसण्यासारखं काय होतं? मलाही कळत नाही. तुम्हीच सांगा.

तिला शब्द हवेत ना, तर तिला आमची उघाडी आठवायला सांगा. खाडीचं खारं पाणी शेतात येऊ नये म्हणून बांध असतो, त्यातली झडप म्हणजे उघाडी. बांधाच्या दोन्ही अंगांना पाणी सारखं असेल तर उघाडी उघडा नाहीतर मिटा, थेंब हलत नाही. ओहोटी लागून बाहेरचं पाणी उतरलं की आतलं धावतं. विजेचा दाब म्हणजे ही दोन पाण्यांमधली उंची. लहानपणी ती तिथे कागदाच्या होड्या सोडायची.

पुस्तकातला तो नियमही मी बांधून ठेवला आहे. मला पाठ असलेल्या कवितांच्या मानाने अगदीच पोरकट झाला, पण तोंडात बसतो:

दाब म्हणू उंची । प्रवाह ती धार ।
वाटेतला भार । रोध जाणा ॥
दाबाला त्या भागा । रोधाने निवांत ।
प्रवाह हातात । आला बघा ॥

हसू नका.

लवू पावसे

—

मुंबई
५ नोव्हेंबर २०२४

लवूआजोबा,

हसले नाही. पण वर्गापुढे माझं काही चालेना. तुमची ओवी फळ्यावर लिहिली. आता पाटण्याचा एक मुलगा ती भोजपुरी चालीवर म्हणतो आणि गणित सोडवताना "आला बघा"ला टेबलावर थाप मारतो. मनस्वी आधी मान खाली घालून बसली होती. थाप पडली तशी मान वर आली.

दुसऱ्या वायरीचा प्रश्न मी पुन्हा वर्गात घेतला. या वेळी विचारणारी मी होते. हसलेल्यांपैकी एकालाही उत्तर नीट देता आलं नाही. मग मनस्वीला होडीचं सांगायला लावलं, आणि तिच्या सांगण्यातून मला कळलं की शिकवताना आम्ही एक पायरी गाळूनच वर चढत होतो.

उत्तर असं. धातूच्या विमानात बहुतेक ठिकाणी परतीची वायर नसतेच. विमानाचं अंगच ती वायर असतं. दिव्यातून निघालेली वीज पत्र्यात शिरते आणि पत्र्यातूनच घरी परतते. त्याने वजन वाचतं, आणि आमच्याकडे वजन म्हणजे सगळं काही. एक गंमत सांगते. तुमच्या घरातली वीज सेकंदाला पन्नास हेलकावे खाते, मोठ्या विमानातली चारशे. हेलकावे वाढले की यंत्रातलं लोखंड कमी लागतं, यंत्र हलकं होतं. आणि नव्या काही विमानांचं अंग तुमच्या होडीसारखं, धातूचं नसलेलं. तिथे परतीची वाट मुद्दाम करून द्यावी लागते. म्हणजे तुमची नात जुन्या विमानात चुकीचा प्रश्न विचारत होती आणि नव्या विमानात अगदी बरोबर.

पण आजोबा, खरं सांगते. काल तिची सराव-तोंडी घेतली. पहिली तीन उत्तरं छान दिली. चौथ्याला मी मुद्दाम विचारलं, "ग्रीसने नेमकं काय बिघडलं?" उत्तर तिला येतं, मला माहीत आहे. तो शब्द उच्चारायला ती तयार नाही. बाहेरचे परीक्षक तिचं कार्ड वाचून येणार. पहिला प्रश्न तोच असेल.

दिवाळीत वसतिगृहात ती एकटी होती. मी घरी बोलावलं, आली नाही.

मनिषा

—

मुंबई
१७ नोव्हेंबर २०२४

प्रिय आजोबा,

तुम्ही आमच्या मॅडमशी पत्रापत्री करता? वसतिगृहात मला आता "ओवीवाल्याची नात" म्हणतात. माझी पार वाट लावलीत!

मॅडम म्हणाल्या, आजोबांना सगळं माहीत आहे, आता तू लिही. म्हणून लिहिते.

तुम्हाला सांगितलं नाही, कारण सांगितलं असतं तर तुम्हाला वाटलं असतं की तुम्ही शिकवलेलं खोटं ठरलं. मी इथे सगळ्यांना सांगते, माझ्या आजोबांचा जोड चाळीस वर्षांत सुटला नाही. आता परीक्षकांसमोर ग्रीसचं बोलायचं म्हणजे तुमच्यावर बोट दाखवल्यासारखं वाटतं. जीभ अडते.

आणखी एक. मी काही लगेच जाऊन सांगितलं नाही. जेवताना आठवलं होतं. मग संध्याकाळ गेली, रात्र गेली. गप्प बसावं असंच वाटत होतं. सरावाचं विमान, उडणार थोडंच आहे, असं मनाला समजावत होते. पप्पा म्हणतात तेच मी आधी स्वतःला म्हणून बघितलं होतं. तेव्हा तुमची छाती दोन बोटं रुंद झाली असेल तर एक बोट कमी करा.

पप्पा फोन उचलत नाहीत. आई म्हणते, वारं पडलं की येईल ताळ्यावर. आजोबा, तुमच्याकडून कधी असं काही झालं होतं का? खरं खरं सांगा.

तुमची,
मनस्वी

—

केळशी
२५ नोव्हेंबर २०२४

चिरंजीव मनूस अनेक आशीर्वाद.

बाय, बोट कमी करणार नाही. रात्रभर गप्प बसून सकाळी बोललीस, त्याची किंमत मला जास्त. लगेच बोलणाऱ्याला आपण काय गिळतो आहोत ते ठाऊक नसतं.

तू खरं खरं विचारलंस. माझा जोड एकदा सुटला होता.

तुझा बाप रांगत होता तेव्हाची गोष्ट. दिवेलागणीला होडी खाडीच्या तोंडाशी आली आणि तिचा दिवा गेला. समोरून दुसरी होडी आली, तिने कडेला घासलं, तीन फळ्या फुटल्या. माणसं वाचली. तांडेलाने बॅटरीची जबाबदारी असलेल्या रघूला धरलं. हेदवीचा पोरगा होता, अबोल. "बॅटरी भरली नाहीस," म्हणून त्याला होडीवरून उतरवला. सकाळी मी टोक उघडून बघितलं. आत ग्रीसचा जाड थर बसलेला, आणि धातू धातूला टेकलेलाच नव्हता. जोड मी केलेला. मी तो घासला, पुसला, पुन्हा आवळला आणि घरी येऊन जेवलो. रघू बोचकं घेऊन गेला ते मी बघितलं. मी काही बोललो नाही, आणि त्यानंतर चाळीस वर्षं सांगत आलो की माझा जोड सुटला नाही. तुमच्या बाईंनाही तेच लिहिलं.

म्हणजे तुला मी अर्धंच शिकवलं. आधी घासायचं, धातूला धातू भिडवून आवळायचं, मोजायचं आणि मग वरून ग्रीस, पाणी अडवायला. मला हे तेव्हाच कळलं होतं. पण तुला शिकवताना सवयीने जुनंच शिकवलं, कारण नवं शिकवायचं तर का ते सांगावं लागलं असतं.

बाईंनी लिहिलं, विमानाचं अंगच परतीची वायर असतं. ते वाचून मी पाटावर बसल्या बसल्या टाळी वाजवली. अगं, मग त्या अंगातला प्रत्येक जोड म्हणजे वायरीचाच जोड! तुझ्या वेणीखालचं ग्रीस म्हणजे वाटेत बसवलेला रोध. विजेने घरी जायचं कुठून? परीक्षकांना हेच सांग. आणि पुढे सांग की हे माझ्या आजोबांनी चुकीचं शिकवलं होतं. माझ्यावर बोट दाखव. चांगलं सरळ दाखव. मला त्याचा अभिमानच वाटेल.

काल हेदवीला रघूच्या पत्त्यावर कार्ड टाकलं. दशभुजा गणपतीच्या देवळामागे घर होतं त्याचं, अजून असेल तर. काय लिहिलं ते तुला समजलं असेल. उत्तर येईलच असं नाही.

तुझ्या बापाला हे पत्र टाकायच्या आधी वाचून दाखवलं, तेही वाळूवर, जाळं शिवत बसला होता तिथे. रघूचं त्याला माहीत नव्हतं. सुई हातात तशीच धरून ऐकत राहिला. "बरं," म्हणाला. एवढंच.

लवूआजोबा

—

केळशी
१२ डिसेंबर २०२४

मनिषाबाई,

आज आमच्याकडे चूल पेटली आहे पण जेवणात कुणाचं लक्ष नाही. परीक्षा अकरा वाजता, निकाल दुपारनंतर, असं तुम्ही कळवलं होतं. दोन वाजून गेले. गुणवंतीचा फोन कट्ट्यावर ठेवला आहे, आणि मला ऐकू येत नाही म्हणून मी त्याच्या काचेकडे बघत बसलो आहे. गुणवंती मघाशी म्हणाली, "बघून बघून काच तडकेल, मामंजी." ती आता मासळी घेऊन बाजारात गेली आहे. फोन उजळला तर कुणाला तरी हाक मारून आणायचं, असं ठरलं आहे.

हात रिकामा राहिला की मन भलतीकडे जातं, म्हणून लिहितो आहे.

पास झाली नाही तरी मी या पोरीकडे मान वर करून बघीन, हे आधीच लिहून ठेवतो. निकालानंतर लिहिलं तर त्याला चव राहणार नाही. आमच्या घरात पिढ्यान् पिढ्या माणसं समुद्राला भ्याली नाहीत, पण "माझं चुकलं" म्हणायला भ्याली. मी भ्यालो. अठरा पावसाळे पाहिलेली पोर भ्याली आणि तरी म्हणाली. त्यात मला सगळं आलं. शाळेत गुरुजी म्हणायचे, कविता पाठ झाली म्हणजे आली असं नाही, एक दिवस ती अंगावर येते, तेव्हा आली. साठ वर्षांनी मला ते कळतंय.

एक मागणं आहे. मनस्वी परीक्षकांसमोर काय बोलली, ते शब्द तसेच्या तसे मला लिहून पाठवा. माझं नाव घेतलं असेल तर तेही गाळू नका.

रूपेश आज पहाटे होडी घेऊन गेला. तीन दिवसांची खेप आहे, बर्फ भरून, सहा माणसं घेऊन. जाताना धक्क्यावर मी उभा होतो. त्याने माझ्याकडे बघितलं नाही. निकालाच्या दिवशी समुद्रावर जायचं त्यानेच ठरवलं. गुणवंती म्हणाली, "घरात बसून ऐकायचा धीर नाही त्याला." असेल. किनाऱ्यापासून काही मैल फोन चालतो, पुढे नुसतं पाणी.

फोन उजळला होता. मघाशी. मी शेजारच्या यमुनाबाईला हाक मारायला उठेपर्यंत तो विझला. मला तो उघडता येत नाही. यमुनाबाईही घरात नाही. चांगलं असेल की वाईट, ते आत त्या काचेत आहे आणि मी बाहेर आहे. बाई, मला आता अक्षर नीट काढता येत

दारात सावली पडली म्हणून थांबलो होतो.

रूपेश आहे. तीन दिवसांसाठी गेलेला माणूस दुपारी तीनला दारात. होडी अशी परत येते ती काही बिघडलं तरच. पण त्याच्या हातात भाकरीचा डबा आहे, फडक्याची गाठही सुटलेली नाही. गुडघ्यापर्यंत भिजला आहे. होडी धक्क्याला लागेपर्यंतही थांबला नसणार. फोन चालतो तेवढ्या पाण्यातच तो पहाटेपासून निकालाची वाट बघत घुटमळला असणार; एक जाळं न टाकता सहा माणसांची खेप त्याने अर्ध्यातून वळवली, कारण बापाला फोन ऐकू येत नाही.

उंबऱ्याच्या आत आला आहे. डोळे भरले आहेत आणि तोंडभर हसतो आहे. मला ओठ नीट दिसावेत म्हणून समोर खाली बसला आहे आणि एकेक शब्द सावकाश, मोठा करून सांगतो आहे:

"बाबा. माझी. पोरगी. पास."